आधी वर्णन, मग नाव : प्रवाळरोग पाहणीच्या नोंदी

१२ जानेवारी : किती वसाहती बघायच्या

उथळ प्रवाळभिंतीवर टेप, स्लेट आणि पेन्सिल घेऊन करायचं हे काम आहे. तीन आकडे हवे आहेत. शंभर वसाहतींमागे (वसाहत म्हणजे पॉलिप नावाचे असंख्य बारीक जीव मिळून झालेला एक प्रवाळ) आजारी किती, दर फेरीत नव्याने आजारी पडलेल्या किती, आणि आजारी वसाहतीवरची जिवंत ऊती किती वेगाने जातेय. पहिल्या आकड्याला इथे प्रमाण म्हटलंय, दुसऱ्याला नवी लागण, तिसऱ्याला चट्ट्याचा वेग. एका पद्धतीत तिन्ही बसत नाहीत. प्रमाणासाठी ट्रान्सेक्ट, म्हणजे टेप अंथरून आखलेले मोजणीचे पट्टे, पुरतात. नव्या लागणीसाठी त्याच वसाहती पुन्हा सापडाव्या लागतात. वेगासाठी तर त्याच चट्ट्याचा त्याच कोनातून फोटो लागतो.

पाण्यात उतरण्याआधी नमुन्याचा हिशोब केला. एखाद्या जागी ५ टक्के वसाहती आजारी असतील, तर त्यातली निदान एक ९५ टक्के खात्रीने नजरेस पडायला ५९ वसाहती तपासाव्या लागतात. प्रमाण २ टक्के असेल तर १४९, आणि १ टक्का असेल तर २९९. बोटीवर झटपट काढायचं तर ३ ला अपेक्षित प्रमाणाने (५ टक्के म्हणजे ०.०५) भागावं, उत्तर जवळपास तेच येतं. हा हिशोब वसाहती इकडेतिकडे यदृच्छया आजारी पडतात असं धरून आहे. प्रत्यक्षात रोग शेजारी शेजारी गटाने दिसतो. त्यामुळे एकाच कोपऱ्यात ३०० वसाहती बघण्यापेक्षा तेवढ्याच वसाहती लांब लांबच्या ट्रान्सेक्टवर विभागलेल्या बऱ्या.

म्हणून "रोग आढळला नाही" असं नुसतं वाक्य नोंदीत येणार नाही. किती वसाहती बघून आढळला नाही, ते सोबत लिहायचं. साठ वसाहती बघून लिहिलेलं शून्य आणि तीनशे बघून लिहिलेलं शून्य यांचा अर्थ वेगळा आहे.

ट्रान्सेक्ट २० मीटर लांब आणि २ मीटर रुंद, म्हणजे ४० चौरस मीटर. प्रत्येक जागी, प्रत्येक खोलीवर असे तीन. एकाचं टोक आणि दुसऱ्याची सुरुवात यांत निदान ५ मीटर मोकळे.

२० जानेवारी : स्लेटवरचे रकाने

पहिल्या आराखड्यात "रोगाचं नाव" असा रकाना होता. तो काढून टाकला. पाण्याखाली डोळ्यांना चट्टा दिसतो. रोग कोणता ते बऱ्याचदा सूक्ष्मदर्शक आणि ऊतींची काप-तपासणी झाल्यावर ठरतं, आणि कित्येक प्रकारांत तेव्हाही ठरत नाही. हिंदी-प्रशांत क्षेत्रात ऊती गळून पांढरा सांगाडा उघडा पडण्याच्या बऱ्याच प्रकारांना मिळून "श्वेत लक्षणसमूह" म्हणतात, ते याचमुळे. स्लेटवर एकदा नाव लिहिलं की पुढे कुणालाही ते तपासता येत नाही. वर्णन लिहिलेलं असेल तर दोन वर्षांनी नवी माहिती आल्यावर तीच नोंद पुन्हा वाचता येते.

आता रकाने असे :
- वंश आणि आकार (फांद्यांचा, गोलाकार, पापुद्र्यासारखा, पानासारखा)
- सर्वांत मोठा व्यास, सेंमीमध्ये
- चट्टे किती : एक, अनेक, किंवा सर्वत्र पसरलेले
- जागा : बुडाशी, कडेला, मध्यावर, फांदीच्या टोकाला
- काठ : स्पष्ट की पुसट, सरळ की दातेरी
- रंग : चट्ट्याचा, आणि काठाला वेगळा पट्टा असेल तर त्याचा
- उघड्या पांढऱ्या सांगाड्याची रुंदी, त्यामागे हिरवट थर आहे का, दाट शैवाल आहे का
- जवळ सापडलेले भक्षक
- प्लास्टिक, दोरी किंवा जाळं टेकलंय का

शेवटचा रकाना अनेक जण अनावश्यक मानतात. २०१८ साली आशिया-प्रशांत भागातल्या १५९ प्रवाळभिंतींवरच्या १,२४,००० हून जास्त प्रवाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात प्लास्टिक टेकलेल्या प्रवाळांत रोग असण्याची शक्यता ४ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेलेली आढळली. स्लेटवर एक खूण करायला दोन सेकंद लागतात, ती करायचीच.

जिवंत प्रवाळाचं आच्छादनही त्याच टेपवर मोजायचं, दर ५० सेंमीला टेपखाली काय आहे ते लिहून. ग्रेट बॅरिअर रीफवर ४८ भिंतींचा ६ वर्षं अभ्यास झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं आणि त्या जागी प्रवाळाचं आच्छादनही ५० टक्क्यांच्या वर असलं, अशाच ठिकाणी श्वेत लक्षणसमूहाचे मोठे उद्रेक झाल्याचं त्यात दिसलं. म्हणजे आच्छादन माहीत नसेल तर दोन जागांची तुलनाच होत नाही.

२ फेब्रुवारी : टेप आणि खुंट

सकाळची डाइव्ह जवळजवळ पूर्ण टेपमध्ये गेली. टेप फायबरग्लासची होती आणि फांद्यांच्या प्रवाळावरून ताणली होती. लाटेच्या ये-जा करण्याबरोबर ती अर्धा मीटर इकडे, अर्धा मीटर तिकडे सरकत राहिली. काठावरच्या वसाहती कधी आत येत, कधी बाहेर. ती मोजणी रद्द केली.

यावर उपाय असा : टेप ताणून वर ठेवायची नाही. दर ४-५ मीटरला मेलेल्या खडकाच्या कपारीतून ती खाली घ्यायची आणि टोकांना शिशाची छोटी वजनं लावायची. मोजणाऱ्याकडे १ मीटरचा पीव्हीसी पाइप असतो. तो टेपला काटकोनात धरायचा, म्हणजे पट्ट्याची रुंदी डोळ्यांच्या अंदाजावर राहत नाही. पाण्याखाली वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे पाइप नसला की रुंदी हमखास कमी घेतली जाते.

काठावरच्या वसाहतींसाठी नियम एकच : वसाहतीचा मध्यबिंदू पट्ट्यात असेल तर ती मोजायची, नसेल तर सोडायची. थोडीशी आत आली म्हणून मोजली तर मोठ्या वसाहती जास्त पकडल्या जातात. आजारी वसाहत दिसली की हात आपोआप तिला आत घेतो, म्हणून नियम मोडायची मुभा कुणालाच नाही. ५ सेंमीपेक्षा लहान वसाहती मोजायच्या नाहीत.

अक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची दाट झुडपं असतात तिथे एक वसाहत कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, तेच कळत नाही. तिथे वसाहती मोजणं सोडून दिलं. १ मीटर बाय १ मीटरची चौकट ठेवायची आणि चौकटीतल्या जिवंत भागापैकी किती भाग चट्ट्याखाली आहे ते लिहायचं. हे आकडे वसाहतींच्या प्रमाणात मिसळायचे नाहीत, वेगळ्या तक्त्यात ठेवायचे.

कायमच्या ट्रान्सेक्टच्या टोकांना सळईचे खुंट ठोकले, फक्त मेलेल्या खडकात. जीपीएसमध्ये ५ मीटरची चूक सहज येते, आणि गढूळ पाण्यात ५ मीटरवरचा खुंट दिसत नाही. म्हणून प्रत्येक खुंटाशेजारची ठळक खूण (पोराइट्स वंशाचा मोठा प्रवाळ, खडकातली भेग) फोटोत घेतली आणि तिथून दिशा लिहिली. होकायंत्र वाचताना सळईपासून आणि स्टीलच्या सिलिंडरपासून हातभर लांब राहायचं. खुंटावर टेकवून घेतलेल्या दिशा कित्येक अंशांनी चुकतात, आणि पुढच्या फेरीत त्या दिशेने गेलेली टेप भलत्याच वसाहतींवरून जाते.

९ फेब्रुवारी : प्रत्येक पांढरा डाग रोग नसतो

संपूर्ण पाहणीत सर्वाधिक वेळ इथेच जातो आणि सर्वाधिक गोंधळही इथेच होतो. नवखा निरीक्षक पांढरं दिसलं की रोग लिहितो. पांढऱ्या डागासमोर थांबून पुढच्या क्रमाने बघायचं, एकही पायरी न गाळता.

पहिलं, ऊती आहे का? हाताच्या भिंगाने बघायचं. पारदर्शक ऊती आणि मिटलेले पॉलिप दिसले तर ते विरंजन आहे. सहजीवी शैवाल गेलंय, पण प्रवाळ जिवंत आहे. सांगाड्याच्या कडा उघड्या आणि धारदार दिसल्या तर ऊती गेली आहे.

दुसरं, सांगाडा शाबूत आहे का? पॉलिपच्या वाट्या जशाच्या तशा असतील तर ऊती गळली किंवा खाल्ली गेली. वाट्याच खरवडून गेल्या असतील, त्यातही शेजारी शेजारी जोडीने ओरखडे असतील, तर तो पोपटमासा.

तिसरं, खाणारा कुठे आहे? काटेरी मुकुटाचा तारामासा आपलं जठर बाहेर काढून प्रवाळावर पसरतो आणि ऊती विरघळवून शोषतो. मागे सांगाडा शाबूत आणि लख्ख पांढरा राहतो, म्हणजे हुबेहूब रोगासारखा. दिवसा तो बहुतेकदा जवळच्या कपारीत किंवा पानासारख्या प्रवाळाखाली दडून असतो. दोन-तीन मीटरचा घेर टॉर्च मारून शोधायचा. ड्रुपेला ही गोगलगाय अधिक फसवते. ती साधारण नखाएवढी असते, शंखावर गुलाबी शैवालाचा थर चढलेला असतो आणि दिवसा फांद्यांच्या बुडाशी लपते. तिचा व्रण बुडाकडून वर चढतो, श्वेत लक्षणसमूहही अनेकदा तसाच चढतो. म्हणून अक्रोपोरात बुडाशी पांढरं दिसलं की टॉर्च लावून फांद्यांच्या आत बघितल्याशिवाय काहीच लिहायचं नाही.

चौथं, काठ कसा आहे? खाल्लेल्या व्रणाचा काठ बहुधा वाकडातिकडा, तुकड्यातुकड्यांचा. ऊती गळत जाणाऱ्या रोगात काठ साधारण सलग असतो आणि त्यामागे रंगांचा क्रम दिसतो : जिवंत ऊती, लख्ख पांढरा पट्टा, हिरवट झाक, मग दाट शैवाल. हा क्रम फार मोलाचा आहे. उघडा सांगाडा काही दिवसांतच हिरवा पडू लागतो, त्यामुळे पांढरा पट्टा रुंद असेल तर चट्टा वेगाने सरकतोय, अरुंद असेल तर सावकाश. एकाच भेटीत वेगाचा अंदाज देणारी ही एकच खूण आहे.

पाचवं, पोराइट्सवरचा गुलाबी रंग. कोणत्याही त्रासाला पोराइट्स गुलाबी होऊन उत्तर देतो : शैवालाचं घासणं, बार्नॅकल, किड्याचं छिद्र, ओरखडा. काही मिलिमीटरचे फुगीर गुलाबी ठिपके असतील तर पोडोकोटिलॉइडिस स्टेनोमेट्रा हा पर्णकृमी आत असू शकतो. तो फुगवटा माशाला ठळक दिसतो, मासा तो पॉलिप खातो आणि कृमी माशाच्या पोटात पोचतो. गुलाबी दिसल्यावर "गुलाबी, सपाट" की "गुलाबी, फुगीर", एवढं लिहायचं. कारण आपण ठरवायचं नाही.

डॅमसेल मासे फांद्यांवरची ऊती चावून मारतात आणि तिथे आपली शैवालाची बाग वाढवतात. मासा अंगावर धावून येतो, तीच त्याची ओळख.

या पाच पायऱ्यांना एका चट्ट्यामागे दीड-दोन मिनिटं लागतात. घनदाट भागात ४० चौरस मीटरला तासभर जातो. त्याच हिशोबाने डाइव्ह आखायची : एका सिलिंडरमध्ये दोन ट्रान्सेक्ट होतील असं धरू नये.

१५ फेब्रुवारी : दोन निरीक्षकांची जुळणी

दोन निरीक्षकांनी एकच ट्रान्सेक्ट पाठोपाठ, एकमेकांची स्लेट न बघता केला. वसाहतींची एकूण संख्या बऱ्यापैकी जुळली. आजारी वसाहतींची जुळली नाही. फरक शोधला तर जवळजवळ सगळा "भक्षकाचा व्रण की ऊती गळणं" या एकाच ठिकाणी होता.

फोटोंवर बसून भांडण मिटवण्यापेक्षा पुन्हा पाण्यात जाऊन त्याच वसाहतींसमोर एकत्र थांबणं उपयोगी पडतं, कारण फोटोत फांद्यांच्या आतली गोगलगाय दिसत नाही. त्यानंतर नवा नियम केला : पाच पायऱ्यांनंतरही शंका राहिली तर "अनिश्चित" असा स्वतंत्र कोड. अहवालात प्रमाण दोनदा द्यायचं, अनिश्चित वसाहती धरून आणि वगळून. दोन आकड्यांतलं अंतर किती, यावरून पाहणी कितपत भरवशाची आहे ते वाचणाऱ्याला लगेच कळतं.

ही जुळणी एकदा करून भागत नाही. दर फेरीच्या पहिल्या दिवशी एक ट्रान्सेक्ट दोघांनी करायचा. तेवढा वेळ जातो, पण नाहीतर निरीक्षक बदलल्यामुळे झालेला फरक रोगाच्या नावावर जमा होतो.

१ मार्च : खुणेच्या वसाहती आणि फोटो

चट्ट्याचा वेग मोजण्यासाठी काही वसाहतींना क्रमांक दिले. गुरांच्या कानाला लावतात तसले प्लास्टिकचे बिल्ले, शेजारच्या मेलेल्या खडकात खिळा ठोकून केबल टायने बांधले. वसाहतीच्या जिवंत भागापासून निदान १० सेंमी लांब. बिल्ल्यावर शैवाल चढतं, पुढच्या भेटीत ब्रश लागतोच. आजारी वसाहतींइतक्याच निरोगी वसाहतींनाही बिल्ले लावले, त्याच वंशाच्या आणि साधारण त्याच आकाराच्या. फक्त आजारी वसाहतींना बिल्ले लावले तर नवी लागण कधीच मोजता येत नाही.

प्रत्येक वसाहतीचे तीन फोटो : बिल्ल्यासह पूर्ण वसाहत, चट्टा समोरून पट्टीसह, आणि काठाचा जवळून. यात पट्टीची जागा सर्वांत महत्त्वाची. कॅमेरा चट्ट्यापासून ५० सेंमीवर असेल आणि पट्टी चट्ट्याच्या ५ सेंमी पुढे धरली असेल, तर लांबी १० टक्क्यांनी कमी येते आणि क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी. दोन भेटींत पट्टी वेगवेगळ्या अंतरावर धरली तर चट्टा न वाढताही वाढलेला दिसतो. पट्टी चट्ट्याच्या पातळीतच टेकवायची. गोलाकार वसाहतीवर ताठ पट्टीऐवजी मऊ टेपचा तुकडा जास्त बरा. झूम कायम एकच ठेवायचा, एकदम रुंद कोन टाळायचा, कारण कडेला प्रतिमा वाकते.

रंगासाठी करड्या रंगाचं कार्ड पहिल्या फोटोत धरायचं. ५ मीटरच्या खाली तांबडा रंग इतका कमी होतो की तपकिरी पट्टा काळा दिसायला लागतो. टॉर्च किंवा फ्लॅशशिवाय घेतलेल्या फोटोवरून रंग लिहायचा नाही.

डाइव्हच्या आधी जीपीएसच्या पडद्याचा एक फोटो काढायचा. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असलं तरी नंतर फरक काढता येतो.

१० मार्च : तापमान

लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारं छोटं यंत्र, दर ३० मिनिटांनी नोंद करेल असा लावला. लावण्याआधी सगळे लॉगर बर्फाच्या पाण्यात एकत्र बुडवून ० अंशाला किती फरक दाखवतात ते लिहून ठेवलं. स्वस्त लॉगरची अचूकता अर्ध्या अंशाच्या आसपास असते, आणि इथे एका अंशावर सगळं अवलंबून आहे.

उथळ पाण्यात उघड्यावर बांधलेला पारदर्शक लॉगर स्वतःच उन्हाने तापतो आणि दुपारी खोटा उंच आकडा देतो. पांढऱ्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात, दोन्ही टोकं उघडी ठेवून, तो सावलीत बसवला.

सोबत अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या कोरल रीफ वॉचचे उपग्रहाचे आकडे घ्यायचे, त्यांचा एक चौकोन ५ किलोमीटरचा असतो. त्यात "तापभार आठवडे" असं माप आहे : त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा १ अंश किंवा जास्त तापलेल्या पाण्याच्या वाढीव अंशांची मागच्या १२ आठवड्यांतली बेरीज. ४ ला लक्षणीय विरंजन अपेक्षित असतं, ८ ला व्यापक विरंजन आणि मृत्यू. हा आकडा पृष्ठभागाचा आहे, लॉगरचा आकडा तळाचा. दोन्ही वेगळे ठेवायचे.

६ एप्रिल : काळे पट्टे

पाणी तापू लागल्यावर अपेक्षेप्रमाणे गडद पट्टे दिसू लागले. एका स्लेटवर "काळा पट्टा", दुसरीवर "काळी ठिपकेदार कड". वर्णनाचा रकाना होता म्हणूनच हा फरक हाती लागला, कारण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात.

काळ्या पट्ट्याचा रोग १९७० च्या दशकापासून माहीत आहे. तो म्हणजे सूक्ष्मजीवांची चटई असते : नीलहरित जिवाणूंचे तंतू, सल्फेटवर जगणारे जिवाणू आणि सल्फाइड वापरणारे जिवाणू. चटईखाली ऑक्सिजन संपतो, सल्फाइड साचतं आणि ऊती मरते. पट्टा काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर रुंद असतो आणि अनुकूल काळात दिवसाला सेंटिमीटरभर पुढे जाऊ शकतो.

दुसऱ्या प्रकारात हॅलोफॉलिक्युलिना कोरालाशिया हा एकपेशीय जीव असतो. तो सांगाड्यात काळ्या कुप्या करून राहतो. पुढे सरकताना रिकाम्या कुप्या मागे सोडतो, म्हणून पट्ट्यामागचा सांगाडा मिरपूड पडल्यासारखा ठिपकेदार दिसतो.

तपासायची रीत : पट्ट्याजवळ हाताने पाणी हलकं ढवळायचं. तंतूंची चटई असेल तर ती कडेला उचलली जाते, हलते. कुप्या सांगाड्यात रुतलेल्या असतात, त्या हलत नाहीत. नंतर भिंगाने मागचा सांगाडा बघायचा : स्वच्छ पांढरा की ठिपकेदार.

तिसरा, तपकिरी पट्टा. हा जेलीसारखा दिसतो आणि त्यात प्रवाळाचं शैवाल गिळून तपकिरी झालेले पक्ष्माभिकाधारी (अंगावर केसांसारखे बारीक तंतू असलेले एकपेशीय) जीव असतात. सुई नसलेल्या ६० मिलि सिरिंजने पट्ट्याचा थोडा भाग ओढून घ्यायचा आणि बोटीवर सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत बघायचा. उन्हात ठेवलेली सिरिंज वाया जाते. हे जीव तापले की फुटतात आणि पाण्यात नुसतं तपकिरी दाणेदार काही उरतं. सिरिंजा सावलीत, समुद्राच्या पाण्याच्या बादलीत ठेवायच्या आणि शक्य तितक्या लवकर बघायच्या. काळ्या चटईची सिरिंज उघडली की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तीही एक खूण.

काळा पट्टा ब्रशने घासून काढायचा नाही. सुटलेले तुकडे वाहत जाऊन खालच्या वसाहतींवर बसतात.

२० एप्रिल : नमुने

परवान्याशिवाय एक फांदीही तोडायची नाही. दगडी प्रवाळ साइट्स (धोक्यातल्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या) कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, त्यामुळे नमुना दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत जाणार असेल तर निर्यातीचे कागद वेगळे लागतात. या कागदांचा अर्ज पाहणी सुरू होण्याआधीच करायला हवा. उद्रेक दिसल्यावर केलेला अर्ज मंजूर होईपर्यंत चट्टा संपलेला असतो.

प्रत्येक आजारी वसाहतीमागे तीन नमुने : शेजारच्या निरोगी वसाहतीचा, आजारी वसाहतीच्या निरोगी दिसणाऱ्या भागाचा, आणि चट्ट्याच्या काठाचा. काठाच्या नमुन्यात दोन्ही बाजू यायला हव्यात. नुसता पांढरा भाग आणला तर त्यात तपासायला ऊतीच नसते. घेण्याचा क्रमही हाच, निरोगी आधी. फांद्यांसाठी पक्कड, गोलाकार वसाहतीसाठी छिन्नी किंवा गोल पंच. पडलेलं छिद्र लगेच पाण्याखालच्या इपॉक्सीने बुजवायचं, उघडं राहिलं तर शैवाल शिरतं.

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग. ऊतींच्या कापांसाठी समुद्राच्या पाण्यात केलेलं १० टक्के फॉर्मॅलिन, नमुन्याच्या निदान दहापट. डीएनएसाठी ९५ टक्के इथेनॉल. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए तुटतो आणि इथेनॉलमध्ये ऊती आक्रसून काप बिघडतात, म्हणून एकाच बाटलीत दोन्ही कामं होत नाहीत. लेबल पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाकायचं. बाहेर मार्करने लिहिलेलं इथेनॉलचा एक थेंब सांडला तरी पुसलं जातं.

५ मे : उपकरणं धुणं

डाइव्हचा क्रम : आधी निरोगी जागा, आजारी जागा शेवटी. दोन जागांच्या मधे टेप, स्लेट, पाइप, छिन्नी हे सगळं ब्लीचच्या पाण्यात (१० लिटरला १०० मिलि घरगुती ब्लीच) दहा मिनिटं बुडवून गोड्या पाण्याने धुवायचं. बीसीडी (डायव्हरचं हवा भरायचं जॅकेट) आणि रेग्युलेटर (श्वास घ्यायचं उपकरण) ब्लीचमध्ये घालायचे नाहीत, रबर आणि शिवण खराब होते. त्यांना क्वाटर्नरी अमोनियम प्रकारचं जंतुनाशक. बीसीडीच्या फुग्यात साचलेलं पाणीही काढायचं, ते बहुतेक जण विसरतात. वापरलेलं ब्लीच समुद्रात ओतायचं नाही.

कॅरिबियनमधल्या ऊतीनाशाच्या रोगामुळे ही शिस्त सगळीकडे आली. तो २०१४ मध्ये मायामीजवळ दिसला, वीसहून जास्त प्रजातींना लागला आणि भिंतीमागून भिंत गाठत गेला. तिथे काही वसाहतींवर अमॉक्सिसिलिनची पेस्ट चट्ट्याच्या काठावर भरतात. तो उपाय त्या रोगासाठी, परवान्याने होतो. कारण माहीत नसलेल्या पांढऱ्या चट्ट्यावर दुसरीकडे प्रतिजैविक लावायला त्याचा आधार घेऊ नये.

२५ मे : प्रमाण घटलं, पण भिंत सुधारली नाही

कायमच्या ट्रान्सेक्टवर आजारी वसाहतींचं प्रमाण मागच्या फेरीपेक्षा खाली आलं. हा आकडा एकटा बाहेर गेला असता तर "रोग ओसरतोय" असं वाचलं गेलं असतं. बिल्ल्याच्या वसाहती तपासल्यावर वेगळंच चित्र दिसलं.

हे कसं होतं ते सोप्या आकड्यांत. समजा १०० वसाहती आहेत, त्यातल्या २० आजारी. प्रमाण २० टक्के. पुढच्या फेरीपर्यंत आजारींपैकी १५ मेल्या, ५ आजारीच राहिल्या, आणि निरोगी ८० पैकी ४ नव्याने आजारी पडल्या. आता जिवंत ८५, आजारी ९. प्रमाण साडेदहा टक्के. आकडा निम्म्यावर आला, कारण आजारी वसाहती मरून मोजणीतूनच गेल्या. नवी लागण मात्र ८० मध्ये ४, म्हणजे ५ टक्के चालूच आहे, आणि भिंतीने १५ वसाहती गमावल्या.

म्हणून यापुढे प्रमाणासोबत नवी लागण आणि नुकताच झालेला मृत्यू हे दोन आकडे असल्याशिवाय अहवाल जाणार नाही. नुकताच मृत्यू म्हणजे ज्या सांगाड्यावर पॉलिपच्या वाट्या अजून ओळखू येतात आणि वर पातळ हिरवा थर आहे. दाट शैवालाखाली वाट्या झाकल्या गेल्या तर जुना मृत्यू.

सगळे वंश एकत्र करून काढलेलं प्रमाणही फसवं. ट्रान्सेक्टवर पोराइट्स भरपूर आणि अक्रोपोरा थोडा असेल, तर अक्रोपोरा निम्मा आजारी असला तरी एकूण आकडा लहानच दिसतो. कॅरिबियनमध्ये अक्रोपोराच्या दोन प्रजातींना १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पांढऱ्या पट्ट्याच्या रोगाने गाठलं. एकेकाळी तिथल्या भिंती बांधणाऱ्या या प्रजाती २००६ मध्ये अमेरिकेच्या कायद्याखाली धोक्यातल्या म्हणून नोंदवाव्या लागल्या. वंशनिहाय तक्ता नसेल तर असा ऱ्हास एकूण आकड्यात बुडून जातो. वंशनिहाय प्रमाण आधी प्रत्येक ट्रान्सेक्टचं वेगळं काढायचं, मग ट्रान्सेक्टची सरासरी. सगळ्या वसाहती एकाच ढिगात घातल्या तर दाट ट्रान्सेक्ट विरळ ट्रान्सेक्टला झाकतो.

११ जून : पुढच्या फेरीआधीची दुरुस्ती

स्लेटवर दोन रकाने वाढवले : नुकताच मृत्यू (टक्के) आणि जुना मृत्यू (टक्के). "अनिश्चित" कोडला उपकोड दिले, "भक्षक शोधला, सापडला नाही" आणि "सिलिंडरमधली हवा शोधायला पुरली नाही". या दोन्हींचं वजन सारखं नाही.

लाटेने उपटलेल्या खुंटाच्या जागी नवा खुंट ठोकला, पण त्याच छिद्रात नाही. छिद्र सैल झालं होतं. नवा खुंट जुन्यापासून किती सेंमी आणि कोणत्या दिशेला, ते ट्रान्सेक्टच्या कार्डावर लिहिलं आणि टेपची सुरुवात तेवढी मागे घेतली.

काळ्या पट्ट्याच्या बिल्ला लावलेल्या वसाहतींचे फोटो आता दर आठवड्याला घ्यायचे. महिन्यातून एकदा गेल्यावर पट्टा वसाहतीच्या टोकाला पोचलेला असतो. मग वेगाचा फक्त किमान आकडा मिळतो, खरा वेग नाही. सावकाश सरकणाऱ्या चट्ट्यांना महिना पुरतो, त्यांची यादी वेगळी केली.

कापांचे निष्कर्ष येतील तेव्हा ते वेगळ्या रकान्यात, तारखेसह जोडायचे. स्लेटवरचं मूळ वर्णन बदलायचं नाही.